सहाजणी

रेफ्रीने दुसऱ्यांदा मोजलं, तेव्हाही त्या सहाच भरल्या. पहिल्यांदा त्याने नुसत्या नजरेने मोजलं होतं. आता तो बोट दाखवत, ओठ हलवत ओळीवरून सरकत आला आणि शेवटी उभ्या असलेल्या मृणालीपाशी थांबला. पुढे कुणी नव्हतंच म्हणून थांबला. पण तिला उगाच वाटलं, बोट आपल्यावरच रोखलंय. "सात पाहिजेत," तो म्हणाला. "अकरा नसल्या तर नसू देत, पण सातच्या खाली मला मॅच सुरू करता येत नाही." आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे मुंबईहून आलेल्या मुली निळ्या जर्सीत पळत होत्या, रिंगण करून चेंडू एकमेकींना देत होत्या, चुकला की हसत होत्या. त्यांच्या राखीव मुलींचीच एक वेगळी टीम झाली असती. कुंपणाच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू होते. कामतघरात हा आवाज इतका मुरलेला की एरवी मृणालीला तो ऐकूही येत नसे. आत्ता आला, आणि आला तो नेमका मोजल्यासारखा.

दामू सर पुढे झाले. दामू सर म्हणजे क्लबचे कोच; दिवसा सुताला खळ देणाऱ्या एका सायझिंगमध्ये मुकादम, संध्याकाळी मैदानावर. "येतेय साहेब, पोरगी रिक्षात आहे. अर्धा तास द्या," ते रेफ्रीला म्हणाले, आणि खोटं बोलताना माणूस जसा उगाच हसतो तसे हसले. मग मृणालीला बाजूला घेऊन म्हणाले, "हेमालीच्या घरी जा. फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. तू कॅप्टन आहेस, तुझं ऐकेल ती."

"सर, ती काल म्हणाली होती. सकाळी पाहुणे यायचेत, आटपलं की येते."

"मग आटपलं असेल. जा तू."

उरलेल्या पाचजणी खाली बसल्या होत्या. त्यांतली ऋतिका बुटाची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. "ताई, ती नाय येणार," ती मान वर न करता म्हणाली. "बघायला आल्यावर कोण सोडतं?" मृणालीने चड्डीवरून ट्रॅकपँट चढवली आणि फाटकाकडे निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, ग्लोव्ह्ज हातातच राहिलेत.

"मैच है क्या, दीदी?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. "है," ती म्हणाली. "लड़कियों का?" यावर ती "हो" म्हणाली आणि बाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कापडाचे तागे लादलेली हातगाडी, चहाच्या टपरीवर रात्रपाळी उरकून बसलेली माणसं, त्यांच्या केसांत अडकलेला कापूस. तिच्या वडिलांच्या केसांतही असा कापूस असायचा. ते घरी आले की आई आधी त्यांचं डोकं झटकायची, मग पाणी द्यायची. विठू शेलार बावीस वर्षं लूमवर उभे राहिले आणि त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू, आधी घड्याळाची टिकटिक, मग पोरांचं बोलणं, शेवटी आईचं ओरडणंही. आई गेली तेव्हा बायकांनी केलेला आकांत त्यांना ऐकू आला नव्हता. ते बायकांच्या तोंडांकडे बघत बसले होते. भाऊ लग्न करून कल्याणला गेला आणि खारबावच्या घरात ती आणि वडील एवढीच दोघं उरली. बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सांगावं असं रोजच्या आयुष्यात फार थोडं असतं, हे तिला कळलं होतं. जेवायला या. औषध घेतलं का. मी जाते. एवढ्यावर घर चालत होतं. पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये ती बिलिंगला बसे. तिथेही कॉम्प्युटर समोर आणि बोलणारी माणसं पाठीमागे. कधी कधी घरी येईपर्यंत तिच्या ध्यानात येई की आज आपण "हो" आणि "सही करा" याखेरीज काही बोललोच नाही.

मैदानावर मात्र ती ओरडायची. गोलकीपरला ओरडावंच लागतं. सगळं मैदान त्याच्या एकट्याच्या समोर असतं, बाकीच्यांना आपल्या पाठीमागचं दिसत नाही. "डावीकडे!" "सोड!" "माझा आहे!" हे शब्द तिच्या तोंडून निघत तेव्हा तिला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटे. दोन हजार दोन साली दामू सरांनी कॉलेजच्या मैदानावर तिला व्हॉलीबॉल खेळताना पाहिलं होतं आणि ज्योतिषासारखं "हात दाखव" म्हटलं होतं. तिने दाखवले. लांब बोटांचे, पुरुषी म्हणून तिला नेहमी लाज वाटायची असे ते हात. सर म्हणाले, "हे हात बिलं फाडायला नाहीत दिलेले देवाने." त्या वर्षी असोसिएशनने जाहीर केलं होतं, की ज्या क्लबची लेडीज टीम असेल त्याला किट मिळेल, नवे चेंडू मिळतील, पोरांच्या टीमला वरच्या गटात बढती देतानाही ते धरलं जाईल. क्लबच्या कमिटीला चेंडू हवे होते, बढती हवी होती. म्हणून मुली हव्या होत्या. हे तिला पुढे कळलं, आणि कळल्यावर फारसं वाईटही वाटलं नाही; कुठल्या का कारणाने होईना, सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन ते चार, रणरणत्या उन्हात, पोरं यायच्या आधी मैदान त्यांचं होतं. सुरुवातीला बावीसजणी आल्या होत्या. सरांनी हर्षाने दोन टीम पाडल्या होत्या. मग एकीचं लग्न ठरलं. एक नर्सिंगला गेली. एकीचा गुडघा निखळला आणि तिच्या आईने मैदानावर येऊन सरांना नको नको ते बोलून घेतलं. दोघी बहिणी होत्या, त्यांच्या बापाने सायझिंग विकलं आणि ते सुरतेला गेले. भांडून कुणी गेली नाही. जाताना प्रत्येकजण म्हणाली, "येईन गं मी, मॅचला तरी येईन." अधूनमधून एखादी बाजारात भेटे, कडेवर मूल, आणि विचारी, "अजून खेळतेस?" त्या 'अजून'मध्ये काय असे ते मृणालीला नीट उकलत नसे. कौतुकही नसे आणि कीवही नसे. सगळ्यांनी उतरायचं ते स्टेशन मागे गेलं तरी बसून राहिलेल्या माणसाकडे बघावं, तसं काहीसं.

हेमाली आली ती दोन वर्षांनंतर. आगरी घरातली, रंगाने उजळ, बारीक चणीची. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवरच खेळायला उतरली आणि डाव्या पायाने असा एक चेंडू मारला की मृणाली जागची हलली नाही. हलायला वेळच मिळाला नाही. चेंडू जाळीत जाऊन पडला होता आणि ही पोरगी ओढणी सावरत होती. त्या दिवसापासून दोघींचं एक ठरूनच गेलं. बाकीच्या घरी गेल्या की हेमाली मारायची, मृणाली अडवायची. पोरांची टीम येऊन "चला ताई, आता आमचं" म्हणेपर्यंत. कधी पोरं आलीच नाहीत तर अंधारात चेंडू दिसेनासा होईपर्यंत. त्यांच्यात बोलणं असं फारसं नव्हतंच. एकीने मारायचं, दुसरीने अडवायचं. यात जेवढं एकमेकींना समजायचं तेवढं समजत होतं. हेमाली चिडलेली असली की उंच मारायची. घरी काही बिनसलेलं असलं की सगळे चेंडू जमिनीलगत, खुनशी यायचे. एकदा ती सारखी थेट मृणालीच्या अंगावरच मारत राहिली, छातीवर, पुन्हा छातीवर, आणि मृणाली प्रत्येक चेंडू कवटाळत राहिली. शेवटी हेमाली मैदानात बसली आणि रडली. कशाने, ते विचारायचं मृणालीला सुचलं नाही. तिने चेंडू काखेत धरला आणि शेजारी बसून राहिली. इतकी ओळख, पण आज रिक्षावाल्याने "कहाँ छोडूँ?" विचारलं तेव्हा घर तलावापाशी एवढंच तिला ठाऊक होतं, अलीकडे की पलीकडे तेही सांगता येईना. ती हेमालीच्या घरी कधी गेलीच नव्हती.

घर सापडलं ते बाहेरच्या चपलांवरून. तीन मजली नवं घर, फिकट गुलाबी रंगाचं, दारात भाड्याची सुमो आणि पायरीवर चपलांची दाटी. बायकांच्या चपला उंच टाचांच्या, पुरुषांचे बूट पॉलिश केलेले. मृणालीने आपले स्टडचे बूट काढले आणि ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. त्या सगळ्यांत ते खुरांसारखे दिसत होते. तिने ते पायरीच्या आड सारले. तेवढ्यात आतून हेमालीच्या आईने, चंद्राकाकीने, तिला पाहिलं. ती क्षणभर गडबडली, मग पाहुण्यांसमोर दारातून कुणाला परत कसं धाडायचं, म्हणून म्हणाली, "ये गो ये, भाईर का उभी? हेमालीची मैत्रीण हाय ही."

आत थंड फरशी होती. मोज्यांतून तो गारवा तळपायांना लागला. सोफ्यावर मुलगा बसला होता, शेजारी त्याचे वडील, आणि मधोमध खुर्चीत मुलाची आत्या, गोदूबाई. सगळं घर तिच्याकडे तोंड करून बसलं होतं. हेमाली समोरच्या बाजूला, मोरपंखी साडीत, हातात पोह्यांच्या बशांचा ट्रे. मृणालीने तिला पाहिलं आणि पहिला विचार आला तो अगदी वेडगळ: हिला या साडीत पाय उचलता येणार नाही. हेमालीने तिच्याकडे पाहिलं. चेंडू मारण्याआधी ती जशी एकदा बघून घ्यायची तसंच. पण डोळ्यांत काय होतं ते आज वाचता आलं नाही. मृणालीला खुर्ची दिली, हातात पोहे दिले. तिने ग्लोव्ह्ज मांडीखाली दडवले आणि एक घास घेतला. मैदानावर पाचजणी थांबल्यात, रेफ्री घड्याळ बघतोय, आणि आपण ओलं खोबरं घातलेले पोहे खातोय, याचं तिला आतून हसूही आलं आणि घास गिळवेनाही.

"कुठली गो तू?" गोदूबाईने विचारलं.

"खारबावची."

"आनि ही असली कापडं?"

"मॅच आहे आज. फुटबॉलची."

"पोरींची?" गोदूबाई मोकळं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "काय काय निंगालंय! आनि आमची ही? ही बी खेलते काय तुज्यासंगती?"

खोलीत काही बदललं. चंद्राकाकीचा हात पदरावर थांबला. हेमालीचे वडील खिडकीबाहेर बघू लागले. हेमालीने ट्रे खाली ठेवला, सरळ उभी राहिली आणि तिचे ओठ उघडले. हे मृणालीने पाहिलं. ओठ उघडले होते, हे तिने नक्की पाहिलं. आणि तरीही, की म्हणूनच, तिच्या तोंडून निघून गेलं: "नाही हो, ती कुठली खेळतेय! ती नुसती बघायला येते."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण जीभ सुटली होती. "आमच्या बाटल्याबिटल्या सांभाळते. तिला ऊन सोसत नाही."

चंद्राकाकीने श्वास सोडला. "तेच ना," ती म्हणाली, "आमची मुलखाची नाजूक." हेमालीचे ओठ मिटले. ती मृणालीकडे बघत राहिली. राग नाही, उपकार मानल्याची खूण नाही. खेळ चालू असताना बाहेरून आपला नंबर दाखवतात आणि आपण उतरायचं असतं, तेव्हा खेळाडू जसा क्षणभर ऐकू न आल्यासारखा उभा राहतो, तशी ती उभी होती. आणि मग तो मुलगा, भाविक, इतका वेळ गप्प बसलेला, एकदम पुढे सरकून बसला. "तुम्ही गोलकीपर का?" त्याने मृणालीला विचारलं. "हातांवरून वाटलं. आमच्या वज्रेश्वरीला दरवर्षी टुर्नामेंट असते, मी बॅक खेळायचो. आता दुकान असतं, होत नाही." बोलताना त्याचा चेहरा उजळला होता, साधा, थोडा बावळट, भला चेहरा. मग तो हेमालीकडे वळला आणि जरा लाजत म्हणाला, "तुम्हाला बघायला तरी आवडतं ना?"

"हो," हेमाली म्हणाली. "बघायला आवडतं."

गोलकीपरच्या आयुष्यात एक चूक फार वाईट असते. चेंडू बाहेरच चाललेला असतो. आपण थांबलो असतो, नुसतं बघत राहिलो असतो, तर तो पोस्टच्या बाजूने निघून गेला असता. पण आपण झेप घेतो, हात लावतो आणि समोरच्या टीमला फुकटचा कॉर्नर देऊन बसतो. त्या क्षणी लोक टाळ्या वाजवतात. चांगला अडवला म्हणतात. फक्त आपल्याला ठाऊक असतं. परतीच्या रिक्षात मृणाली तो चेंडू पुन्हा पुन्हा बघत होती. हेमालीचे ओठ उघडले होते. पण काय म्हणायला? 'हो, खेळते' म्हणायला की 'नाही' म्हणायला? 'हो' म्हणाली असती आणि भाविकचा चेहरा तसाच उजळला असता तर? की गोदूबाईने बशी खाली ठेवली असती, सुमो निघून गेली असती आणि हेमालीच्या पायाला आयुष्यभर बोल लागला असता? मृणालीने ते काढून घेतलं होतं. संकट काढून घेतलं की बोलणं काढून घेतलं, ते कळायला आता मार्ग नव्हता. आणि सगळ्यात खाली, जिथे माणूस स्वतःला विचारायचं टाळतो तिथे, आणखी एक गोष्ट होती: 'बाटल्या सांभाळते' म्हणताना आपल्या जिभेला थोडी गोडी आली होती. आली होती. दोन वर्षं जी कोणाला अडवता आली नाही तिला आपण एका वाक्यात मैदानाबाहेर काढलं. आणि आता आपण परत चाललोय ते कशाला? निघताना चंद्राकाकी दारापर्यंत आली होती. "तुजे लई उपकार झाले गो," ती कुजबुजली होती आणि तिने मृणालीच्या हातात एक पेढा कोंबला होता. तो आता वितळून बोटांना चिकटला होता. ग्लोव्ह्जना लागू नये म्हणून ती हात रिक्षाबाहेर धरून बसली.

मैदानावर ती पोचली तेव्हा पोरांची टीम उतरलेली होती. क्लबच्या पोरांची मॅच पुढच्या आठवड्यात होती, त्यांनी रिकामं मैदान बघून सराव सुरू केला होता. रेफ्री गेला होता. ऋतिका आणि बाकीच्या गेल्या होत्या. मुंबईच्या मुली बसमध्ये चढत होत्या. त्यांची गोलकीपर, मृणालीएवढीच उंच, तिला बघून थांबली, जवळ आली आणि हात पुढे केला. "खेळायला आवडलं असतं," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलो गं." मृणालीचा हात चिकट होता, तिने डावा दिला. दामू सर गोलपोस्टला टेकून बसले होते. त्यांनी विचारलंही नाही.

"वॉकओव्हर," ते म्हणाले. "तीन-शून्य. न खेळता हरलं की तीन-शून्यच देतात. शून्य-शून्य देत नाहीत." मग म्हणाले, "कमिटीचं म्हणणं, पुढच्या वर्षी लेडीज टीम टाकायची नाही. उगाच क्लबचं नाव खराब होतं. चेंडू तर काय, मिळाले ते मिळाले."

"आणि मी?"

सरांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते, उन्हाने असतील. "तू ये की. पोरांना गोल मारायची प्रॅक्टिस हवीच असते," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच ध्यानात आलं असावं, कारण ते उठले, पँटची माती झटकत राहिले, माती संपली तरी झटकत राहिले. "मुंबईला एखादा क्लब बघू," ते म्हणाले. खारबावहून मुंबईला सरावाला कोण जाणार, वडिलांना जेवायला कोण वाढणार, हे दोघांनाही माहीत होतं. एका पोराचा चेंडू घरंगळत तिच्याकडे आला. "ताई, पास!" तो ओरडला. तिने हाताने उचलून फेकला.

संध्याकाळी ती घरी ओट्यावर बसली होती. वडील शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. लांबून गाडीची शिट्टी आली, ती एकटीनेच ऐकली. मोबाइल वाजला तेव्हा नंबर हेमालीच्या घरचा होता.

"जमलं," हेमाली म्हणाली. आवाज दबका होता, फोन तोंडाशी धरून बोलत असावी. मागे भांड्यांचा, बायकांचा गलका. "सुपारी फोडली. मे महिन्यात."

"चांगला वाटला," मृणाली म्हणाली. "खरंच चांगला वाटला."

"हं." तिने आवाज आणखी खाली आणला. "तू का गं बोललीस तसं?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

"माहीत नाही. मी बोलले असते काहीतरी." हेमालीने श्वास घेतला. "जाऊ दे. किती झाली?"

मृणालीला क्षणभर कळलंच नाही, काय किती. मग कळलं. सात भरल्या नाहीत हे हेमालीला सांगायचं म्हणजे सातवी कोण हेही सांगायचं. सुपारी फोडल्याच्या दिवशी. "तीन-शून्य," ती म्हणाली. "हरलो."

सातवी आलीच नसताना तीन-शून्य म्हणजे काय ते खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला कळतं. हेमालीला कळलं, आणि तिला कळलंय हे मृणालीलाही कळलं. आता ती रडेल, किंवा फोन ठेवेल. पण हेमाली हळूच म्हणाली, "कसे झाले गोल? सांग ना."

आणि मृणालीने सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ. पहिला कॉर्नरवरून गेला. त्यांची एक उंच पोरगी होती, आपली ऋतिका तिला सोडून चेंडूकडे बघत बसली. दुसरा पेनल्टीवर, मी बरोबर बाजूला उडी मारली होती, बोटांना लागून गेला. तिसऱ्याच्या आधी मी दोन अडवले गं, एक तर पायाने. सांगता सांगता ती उठून उभी राहिली, मोकळा हात हवेत गेला, वाकला, झेपावला. वडील तिच्याकडे बघू लागले. त्यांना शब्द पोचत नव्हते. ते नुसते त्या हाताकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं होतं. हेमाली मधूनच "मग?" म्हणत होती. निळ्या जर्सीतल्या मुली, ऊन, आरडाओरडा, सगळं त्या ओट्यावर उभं राहिलं. इतकं बोलणं त्या दोघींचं कधी झालं नव्हतं.

"आणि मी?" हेमालीने विचारलं. "मी काय केलं?"

तो गोल मृणालीला पूर्ण दिसला. हेमाली डावीकडून आत वळते. दोघीजणी अंगावर येतात, ती एकीला चकवते, दुसरी पडते. मान वर करून एकदाच बघते आणि डाव्या पायाने मारते, आणि ती पलीकडची उंच, भली गोलकीपर जागची हलत नाही. तीन-एक झाले असते. कुणाला काय फरक पडणार होता? सांगायला एक श्वास पुरला असता. पण तिने तो गोल दिला नाही. दिवसभरात तिने हेमालीच्या वतीने पुष्कळ बोलून घेतलं होतं.

"तू नव्हतीस," ती म्हणाली.

कठोर आवाजात नाही. जेवायला या म्हणावं तशी. पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी "हेमाली, ये गो" म्हणून हाक मारली. "हं," हेमाली म्हणाली. "ठेवते." फोन बंद झाला.

वडील अजून बघत होते. मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या बेताल आवाजात त्यांनी विचारलं, "जिकलीस काय गो?" चार वर्षांत पहिल्यांदा. तिने मान हलवली. कशी हलवली ते तिलाही सांगता आलं नसतं. ते समाधानाने पुन्हा रस्त्याकडे वळले. ती ओट्यावर बसली आणि न दिलेला तो गोल पुन्हा एकदा बघितला, पहिल्यापासून. आपल्या टीमने गोल केला की गोलकीपरला तो असाच दिसतो: मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरा. चेंडू जाळीत जातो, सगळ्याजणी धावत जाऊन गोल करणारीला मिठी मारतात, एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि इतकं लांब धावत जाऊन परत यायला वेळ नसतो, म्हणून इकडच्या गोलमध्ये उभी असलेली एकटी मुलगी दोन्ही हात वर करते, आणि मग ते खाली घेते.